गळ, तंगूस आणि स्क्रू-बोल्ट: नाशिकच्या हौशी मासेमारांचे नेहमीचे प्रश्न

काठापर्यंत आलेला मासा सुटतो तेव्हा बहुतेक वेळा कुठला तरी जोड दगा देतो. कधी गाठ सरकते, कधी बोथट गळ नीट रुतलेला नसतो, कधी रिळाचा पाय हलत असतो, तर कधी स्टँडचा बोल्ट गंजून अर्धा झालेला असतो. म्हणून गळाचे आणि स्क्रू-बोल्टचे प्रश्न इथे एकत्रच घेतले आहेत. सगळी उत्तरं नाशिक परिसरातल्या गोड्या पाण्याला धरून आहेत. समुद्रासाठी काही बदलत असेल तर तिथे तसं लिहिलं आहे.

नाशिकजवळ कुठेही गळ टाकला तर चालतो का?

नाही. धरणांचे जलाशय मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्या पाण्यातला मासा ठेकेदार संस्थेचा. गंगापूर, दारणा, मुकणे, वालदेवी, कुठेही जा, आधी काठावरच्या गावात संस्थेच्या माणसाला गाठा, परवानगी आणि शुल्क विचारा, पावती घ्या. धरणाची भिंत, दरवाजे आणि सांडव्याखालचा भाग सुरक्षेच्या कारणाने पूर्ण टाळायचा.

नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे गळाचा विचारसुद्धा नको. रामकुंड आणि गोदाघाटावरही गळ टाकू नये. ते तीर्थक्षेत्र आहे, शिवाय शहरातून वाहणाऱ्या त्या पाण्यातला मासा खाण्यालायक समजू नका.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. कोणी तसं करताना दिसलं तर तिथून निघा आणि पोलिसांना कळवा.

कुठला मासा पाण्याच्या कुठल्या थरात मिळतो?

हे कळलं की निम्मं काम झालं. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ आणि सायप्रिनस तळ उकरतात. चिलापी काठाजवळच्या उथळ पाण्यात असतो. तळाला ताटासारखे गोल खड्डे दिसले तर ती त्याची घरटी. मरळ पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसतो. शिवडा खोल पाण्यातला शिकारी, आणि त्याचा जोर संध्याकाळनंतर.

एकाच जागी कणकेची गोळी तळाला सोडून कटल्याची वाट बघणारे पुष्कळ दिसतात. त्यांच्या गळाला मृगळ लागतो, तोही नशीब असेल तर.

नवशिक्याने काठी आणि रीळ कुठलं घ्यावं?

फक्त चिलापी धरायचा असेल तर १० ते १२ फुटांचा सरळ, वाळलेला वेळू पुरे. टोकाला काठीच्या लांबीएवढा तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) बांधा, रिळाची गरज नाही. रोहू-कटल्यासाठी ८ ते ९ फुटांची मध्यम ताकदीची काठी आणि ३००० किंवा ४००० मापाचं स्पिनिंग रीळ घ्या. दुकानात रीळ हातात धरून हँडल मागे-पुढे हलवून बघा. थोडी ढिलाई चालते, खडखड चालत नाही. बेअरिंग किती आहेत हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्याहून ड्रॅग, म्हणजे माशाने जोरात ओढल्यावर तंगूस सुटू देणारी रिळाची पकड, गुळगुळीत सुटतो का, हे बघणं महत्त्वाचं.

तंगूस किती जाडीचा लागतो?

चिलापीला ०.२० मिमी, रोहू-मृगळाला ०.२८ ते ०.३० मिमी, मोठ्या कटल्याला ०.३५ ते ०.४० मिमी. साध्या नायलॉन तंगुसात ०.३० मिमीची ताकद साधारण ६ ते ७ किलो भरते. वेष्टणावर कुठे त्याच जाडीला १५ किलो लिहिलेलं दिसलं तर एक तर जाडी खोटी, नाही तर ताकद. ओला झाल्यावर नायलॉन थोडा कमजोर होतो आणि गाठीत आणखी ताकद जाते, म्हणून छापील आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

विणलेली दोरी बारीक आणि ताकदवान असते, पण आपल्याकडच्या धरणांच्या काठाला काळा पाषाण आहे. त्याच्या धारेवर विणलेली दोरी पटकन कातरली जाते. ती वापरायचीच असेल तर पुढे दीड मीटर ०.४० मिमीचा साधा तंगूस जोडा.

वर्षातून एकदा तंगूस बदला. उन्हाने तो आतून ठिसूळ होतो आणि बाहेरून काही कळत नाही.

गळाच्या नंबरांचा घोळ काय आहे?

१ ते पुढच्या साध्या नंबरांत आकडा वाढला की गळ लहान होतो: ४ पेक्षा ८ लहान, ८ पेक्षा १० लहान. १ च्या पलीकडे १/०, २/०, ३/० असे नंबर येतात आणि तिथे आकडा वाढला की गळ मोठा होतो. चिलापीला ८ किंवा १०, रोहू-मृगळाला ४ ते ६, कटल्याला १ किंवा १/०, मरळीला २/० ते ४/०.

धार तपासायला गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून सरकवा. ओरखडा उठला तर ठीक. घसरलं तर बारीक कानसीने दोन-तीन वेळा टोकाच्या दिशेने घासा, किंवा सरळ गळ बदला.

गाठ सुटते किंवा गाठीतच तंगूस तुटतो. काय चुकतं?

दहातल्या आठ वेळा कोरडी गाठ आवळलेली असते. घर्षणाने तापून नायलॉन तिथेच मरतो. आवळण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करायची, हा नियम कधीच मोडू नका.

सगळ्यात भरवशाची आणि अंधारातही जमणारी गाठ म्हणजे पालोमार:

१. तंगुसाचं १५ सेंटिमीटर टोक दुमडून दुहेरी करा.
२. दुहेरी टोक गळाच्या डोळ्यातून घाला.
३. त्याच दुहेरी दोरीने मूळ दोरीभोवती साधी गाठ घाला, पण आवळू नका.
४. टोकाला तयार झालेल्या फाशातून अख्खा गळ बाहेर काढा.
५. ओलं करून मूळ दोरी आणि टोक दोन्ही एकदम सावकाश ओढा.
६. टोक ३ मिमी ठेवून कापा.

फासा डोळ्यावर न अडकता डोळ्याच्या वर गाठीपाशी बसला पाहिजे. तो डोळ्यातच अडकला तर गाठ तिरकी आवळली जाते आणि एक पदर दुसऱ्याला कापतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पिळांच्या गाठीत तीनच पीळ देणे. बारीक तंगुसाला पाच-सहा पीळ लागतात.

गाठ झाली की गळ पक्कडीत धरून जोरात ओढून बघा. तुटायची असेल तर काठावरच तुटू दे.

कणकेची गोळी पाण्यात पडताच विरघळते.

मापात करा: गव्हाचं पीठ २०० ग्रॅम, भिजवून कुस्करलेली शेंगदाणा पेंड १०० ग्रॅम, भाजलेलं बेसन ५० ग्रॅम. पाणी एकदम ओतू नका. साधारण १५० मिली लागतं, पेंड किती ओली आहे त्यावर कमी-जास्त. मळताना कापसाचे दोन चिमूट धागे पिंजून पिठात मिसळा. कापूस गोळीला धरून ठेवतो आणि चुटूरमुटूर चिंगळ्यांना ती पटकन पळवता येत नाही.

पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवी, बोटाला चिकटता कामा नये. तपासायला एक गोळी बादलीतल्या पाण्यात टाका. दहा-पंधरा मिनिटं आकार टिकला तर ठीक. आणखी चिवट हवी असेल तर गोळ्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं शिजवा.

वासासाठी चिमूटभर हिंग किंवा बडीशेपेची पूड पुरते. अत्तराच्या बाटल्यांवर खर्च करणाऱ्यांना जास्त मासे मिळतात असं दिसत नाही.

उन्हाळ्यात कणीक दुपारपर्यंत आंबते. आंबटसर वास सायप्रिनसला चालतो, पण गोळी सैल पडते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा.

पाण्यात आधी चारा टाकायचा का?

हो, पण हात आखडता ठेवा. पेंड आणि तांदळाचा कोंडा समान घेऊन भिजवा, लिंबाएवढे पाच-सहा गोळे करा आणि गळ टाकायच्या अर्धा-एक तास आधी एकाच जागी टाका. चारा इकडेतिकडे विखुरला की मासेही विखुरतात. पाटीभर टाकला तर त्यांचं पोट भरतं, मग तुमच्या गोळीकडे कोण बघतो?

कटल्यासाठी वेगळी मांडणी असते का?

असते. कटला गाळलेलं, विरघळतं अन्न पाण्यासकट आत ओढतो. पेंडीचा लिंबाएवढा गोळा बारीक स्प्रिंगवर दाबून बसवायचा आणि त्या स्प्रिंगला ५ ते ७ सेंटिमीटरच्या आखूड दोऱ्यांनी दोन गळ लटकवायचे. गोळा विरघळून ढग होतो, कटला तो ओढून घेताना गळही तोंडात जातो. हे सगळं फ्लोटखाली एक ते दीड मीटरवर ठेवा, तळाला नको.

फ्लोटची खोली कशी ठरवायची?

गळाला शिशाचा तुकडा अडकवून जिथे टाकायचं तिथे सोडा. फ्लोट बुडाला तर पाणी त्या मापापेक्षा खोल आहे, फ्लोट वर सरकवा. आडवा तरंगला तर शिसं तळाला टेकलं आहे, खाली सरकवा. टोक पाण्याबाहेर जेमतेम उभं राहिलं की तळाची खोली मिळाली. मृगळासाठी गळ तिथेच, रोहूसाठी तिथून अर्धा-एक मीटर वर. फ्लोटला इतकंच शिसं लावा की बाहेर फक्त १ ते २ सेंटिमीटर टोक राहील. जास्त बाहेर राहिलं तर माशाला ओढ जाणवते आणि तो गोळी थुंकतो.

फ्लोट हलतो, झटका मारतो, गळ मोकळा येतो. का?

फ्लोट नुसता थरथरत असेल तर चिंगळ्या गोळी कुरतडत आहेत. थांबा. फ्लोट तिरका सरकत बुडायला लागला, किंवा उलट उचलून आडवा झाला, की मनगटाने आखूड झटका द्या. उचलून आडवा होणं म्हणजे तळाच्या माशाने गोळी वर उचलली आहे. खांद्यापासून काठी भिरकावली तर रोहूचा मऊ ओठ फाटतो.

तरीही मोकळाच येत असेल तर गोळीत गळाचं टोक पूर्ण बुडलेलं आहे का ते बघा. टोक किंचित बाहेर हवं.

ड्रॅग किती ठेवायचा?

तंगुसाच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्के. ६ किलोच्या तंगुसाला दीड ते पावणेदोन किलो. काठी ४५ अंशांत धरा, दुसऱ्याला तंगुसाच्या टोकाला ताणकाटा लावून ओढायला सांगा आणि त्या आकड्यावर रीळ सुटेपर्यंत नॉब फिरवा. घरी जाताना ड्रॅग ढिला करून ठेवा, नाही तर आतल्या चकत्या दबून बसतात.

मासा तंगूस ओढत असताना हँडल फिरवत राहू नका. प्रत्येक फेऱ्याला तंगुसात पीळ पडतो आणि पुढच्या फेकीत त्याचाच गुंता होतो. रिळावर तंगूस काठोकाठ भरला तरी हेच होतं. वरच्या कडेपासून २ ते ३ मिमी जागा सोडा.

मरळ कशाने लागतो?

जलपर्णीच्या कडेवर रबरी बेडूक टाकून, थोडं थोडं थांबत ओढा. मरळ हवा घ्यायला पृष्ठभागावर येतो, तिथे बुडबुडा किंवा लहानसं वर्तुळ दिसतं. पाणी फुटल्याबरोबर झटका मारायचा मोह टाळा, एक-दोन सेकंद थांबा. जिवंत बेडूक वापरू नका.

लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर फिरताना दिसला तर ती जागा सोडा. आईबाप खाली राखण करत असतात, ते धरले तर दोन-तीन दिवसांत अख्खा थवा इतर माशांच्या पोटात जातो.

थंडीत मासा का लागत नाही?

डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडकडचं पाणी गार पडतं आणि कटला-रोहू फार कमी खातात. अशा दिवसांत सकाळी सहाला काठावर जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही, अकरा ते चार हीच वेळ. गोळी लहान, गळ बारीक, खोली जास्त. उन्हाळ्यात उलटं: पहाट आणि संध्याकाळ. पावसाळ्यात हे मासे अंडी घालतात, त्या दिवसांत पोटुशी मासळी लागली तर सोडून द्या.

रिळातले स्क्रू निघत नाहीत, डोकं झिजतं.

जपानी बनावटीच्या रिळांचे अधिक खुणेचे स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखे असले तरी त्यांच्या खाचेचा कोन वेगळा असतो. फिलिप्स पेचकस तळाला टेकत नाही, जोर दिला की उसळून खाच खातो. जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) प्रमाणाचा पेचकस घ्या. तो नसेल तर फिलिप्सचं टोक कानसीने किंचित सपाट करून घ्या, खोलवर बसतो.

डोकं आधीच झिजलं असेल तर पेचकस आणि स्क्रू यांच्यामध्ये रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून दाबून फिरवा. तेही जमलं नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, जुना चिकटा सैल होतो. प्लॅस्टिकच्या बॉडीजवळ हा प्रयोग करू नका.

काही रिळांत हँडलचे आटे उलटे असतात. फिरत नाही म्हणून ताकद लावण्याआधी दुसऱ्या बाजूला फिरवून बघा.

बाजूच्या झाकणाचे स्क्रू सहसा एकसारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर रिळाचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर आतल्या गिअरला टेकतो, आणि रीळ जड का फिरतंय हे शोधण्यात दिवस जातो.

स्क्रू परत ढिले होऊ नयेत म्हणून काय लावावं?

धातूला धातू असेल तर निळा थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव), एक थेंब. लाल लावला तर पुढे उघडताना तापवावं लागेल. प्लॅस्टिकमध्ये थ्रेडलॉक लावू नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

दुकानदार 'दोन सुती, तीन सुती' म्हणतो. मिलिमीटरमध्ये किती?

८ सूत म्हणजे १ इंच. म्हणजे एक सूत ३.२ मिमी, दोन सूत पाव इंच (६.३५ मिमी), अडीच सूत ८ मिमीच्या जवळ, तीन सूत साडेनऊ मिमी. जुन्या पेठेतल्या दुकानांत सुती माल सर्रास मिळतो, तर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास मेट्रिक बोल्ट आणि एचटी (हाय टेन्साइल, जास्त ताकदीचे) बोल्ट सहज मिळतात. घोळ होतो तो दोन्ही मिसळल्यावर. तीन सुती बोल्ट १० मिमीच्या मेट्रिक नटमध्ये जातोही, पण सैल, आणि जोर आला की आटे सोलले जातात. पाव इंचाचा बोल्ट ६ मिमीच्या नटमध्ये एक-दोन आट्यांवरच अडकतो, तिथे पाना लावून रेटलं की दोन्ही वाया.

आट्यांची दूरी लक्षात ठेवा: एम४ (४ मिमीचा मेट्रिक बोल्ट) ला ०.७, एम५ ला ०.८, एम६ ला १, एम८ ला १.२५, एम१० ला १.५ मिमी. टॅप मारायचा, म्हणजे भोकात आटे पाडायचे असतील तर मापातून ही दूरी वजा करा, ड्रिल मिळालं: एम६ ला ५, एम८ ला ६.८ (पावणेसातला जवळचं हेच मिळतं), एम१० ला ८.५. नुसता बोल्ट आरपार जायला हवा असेल तर एम६ ला ६.६ आणि एम८ ला ९ मिमीचं भोक.

काठीचा स्टँड घरी कसा करायचा आणि बोल्ट किती लांबीचा?

सामान: २५×२५×३ मिमीचा लोखंडी अँगल ७५ सेंटिमीटर, ४० मिमीचा पीव्हीसी पाइप ३० सेंटिमीटर, एम६×२० चे बटन हेड ॲलन बोल्ट दोन, वायसर चार, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) दोन.

बोल्टच्या लांबीचा हिशोब असा: अँगल ३ मिमी, पाइपची भिंत साधारण अडीच, दोन वायसर मिळून तीनेक, नायलॉक नट ६, आणि नटाबाहेर दोन आटे म्हणजे २ मिमी. बेरीज साडेसोळा. त्याच्या पुढची मिळणारी लांबी २० मिमी. १६ घेतला तर नटाबाहेर पूर्ण दोन आटे उरत नाहीत.

अँगलचं खालचं टोक तिरकं कापून टोकदार करा. पाइपमध्ये २० सेंटिमीटर अंतरावर ६.६ मिमीची दोन भोकं पाडा. त्यांच्या बरोबर समोरच्या भिंतीत १२ मिमीची भोकं पाडा, तिथूनच बोल्ट आणि ॲलन की आत जाईल. बोल्टचं गोल डोकं पाइपच्या आत राहतं, त्यामुळे काठीचा दांडा घासत नाही. वरच्या कडेला रिळाचा पाय बसेल अशी २० मिमी रुंद, ८ सेंटिमीटर खोल खाच कापा आणि कड कानसीने गोल करा. पीव्हीसी तडकेपर्यंत आवळू नका. पाइप चपटा व्हायला लागला की थांबा.

काळ्या मातीच्या काठावर हा स्टँड उन्हाळ्यात भेगांत डुगडुगतो आणि पावसाळ्यात कलतो, म्हणून अँगल किमान ३० सेंटिमीटर ठोका. पाषाणाच्या काठावर तो आत जाणारच नाही. तिथे बादलीत पाइप उभा करून भोवती दगड भरणं हा सोपा उपाय.

बोल्ट कुठल्या धातूचा घ्यावा?

गोड्या पाण्याला ३०४ स्टेनलेस भरपूर झालं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि ते खाऱ्या पाण्यासाठी. कोकणात नेणार असाल तरच जादा पैसे द्या. चुंबक लावून ३०४ ओळखता येतो हा समज चुकीचा आहे: हलक्या २०० मालिकेच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि ३०४ चा बोल्ट थंड घडणीने थोडा चिकटू शकतो. डोक्यावर ए२-७० असं कोरलेलं आहे का ते बघा.

पिवळे-पांढरे झिंक लावलेले स्क्रू घरात चांगले, काठावर एक-दोन पावसाळे. गरम झिंकात बुडवलेले खडबडीत करडे बोल्ट पुष्कळ वर्षं टिकतात, पण त्यांचा नट त्यांच्या जोडीचाच घ्यावा लागतो, साधा नट झिंकाच्या थरामुळे चढत नाही. काळे जिप्समचे स्क्रू मासेमारीच्या सामानात अजिबात नकोत. लवकर गंजतात, ठिसूळ असतात आणि आडव्या ताणात डोकं तुटतं. स्वस्त आणि हाताशी असतात म्हणून सगळे तेच वापरतात.

स्टेनलेसचा नट अर्ध्यावर जाम झाला, ना पुढे ना मागे.

दोन स्टेनलेस पृष्ठभाग दाबाखाली घासले की एकमेकांना चिकटतात. इम्पॅक्ट मशिनने वेगात चढवला तर हमखास. आट्यांना आधी ग्रीस लावा, हाताच्या पान्याने सावकाश चढवा. गरम लागलं तर थांबा, गार होऊ द्या. एकदा पूर्ण चिकटला की कापण्यावाचून इलाज नाही.

किती आवळायचं?

एम६ च्या ८.८ एचटी बोल्टला सुमारे १० न्यूटन मीटर, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सहा-सात किलोचा जोर. एम८ ला २५. स्टेनलेस ए२-७० ला त्याच्या पाऊण पट. पान्याला पाइप लावून आवळणं हे एम६ तोडायचं सगळ्यात सोपं तंत्र आहे.

ॲल्युमिनिअमच्या होडीत किंवा पेटीत स्टेनलेस स्क्रू चालतो का?

मोठ्या ॲल्युमिनिअममध्ये लहान स्टेनलेस स्क्रू गोड्या पाण्यात चालतो. मध्ये नायलॉनचा वायसर आणि आट्यांना ग्रीस लावा. उलटं करू नका: स्टेनलेसच्या पत्र्यात ॲल्युमिनिअमचं रिव्हेट मारलं तर रिव्हेट झपाट्याने खाल्लं जातं.

फायबरच्या होडीत भोक पाडताना वरचा थर तडकतो.

जागेवर मास्किंग टेप लावा. ड्रिल आधी उलटं फिरवून वरचा चकचकीत थर खरवडा, मग सरळ फिरवून आरपार करा. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने हलकी उतरती कड द्या, म्हणजे स्क्रूचे आटे वरच्या थराला फाडणार नाहीत. ओढ सोसणारी वस्तू, म्हणजे काठीचा होल्डर किंवा दोर बांधायचा हुक, स्क्रूने लावू नका. आरपार बोल्ट, आतून ३० मिमीचा रुंद वायसर आणि भोकात पॉलियुरेथेन सीलंट. आधी अर्धवट आवळा, सीलंट सुकल्यावर शेवटचा वळसा द्या, नाही तर सगळं सीलंट पिळून बाहेर येतं. पाण्याच्या रेषेखाली शक्यतो भोक पाडूच नका.

गळ-शिशाची लाकडी पेटी करताना प्लाय फाटतो.

१२ मिमी प्लाय २५ मिमीच्या पट्टीवर बसवायला ८ नंबर × सव्वा इंच स्क्रू. वरच्या प्लायमध्ये साडेचार मिमीचं भोक, खालच्या पट्टीत सागवान असेल तर ३, पाइन असेल तर अडीच मिमी. आट्यांना साबण चोळा. प्लायच्या कडेत, थरांच्या मधोमध स्क्रू मारला की तो फाटणारच, म्हणून कोपऱ्यांत आतून पट्टी द्या.

घरी भिंतीवर काठ्यांचा रॅक?

६ मिमी ड्रिल, ६ मिमी रावळ प्लग, ८ नंबरचा दोन इंची स्क्रू. प्लास्टरच्या मागे विटेत प्लग गेला पाहिजे; नुसत्या प्लास्टरमध्ये बसवलेला प्लग आठवड्यात निघतो. काठ्या उभ्या ठेवा, आडव्या दोन खिळ्यांवर टांगल्या तर कालांतराने वाकतात.

कार्बनची काठी आणि विजेच्या तारा?

कार्बन वीज वाहून नेतो. काठाच्या शेतांतल्या पंपाच्या तारा बऱ्याचदा खाली लोंबलेल्या असतात. तारांखालून जाताना काठी सुटी करून हातात आडवी धरा, आणि ढग गडगडले की काठी खाली ठेवून काठापासून दूर जा. पावसाळ्यात गंगापूर किंवा दारणातून विसर्ग सुरू झाला की खालच्या नदीपात्रातलं पाणी फार पटकन चढतं. भोंगा ऐकू आला तर सामान आवरत बसू नका.

गळ बोटात रुतला तर?

उलटा काटा आत गेलेला नसेल तर आल्या वाटेने सावकाश काढा, साबणाने धुवा. काटा आत असेल, किंवा सांध्याजवळ, डोळ्याजवळ असेल तर तंगूस कापा, गळ हलू नये म्हणून फडक्याने बांधा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

गळाला कासव लागलं. मांगूर लागला.

कासव हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा प्राणी आहे. ओढू नका, वर उचलून लटकवू नका. ओल्या फडक्याने धरून गळ दिसत असेल तर काढा, खोल असेल तर तंगूस तोंडाजवळ कापून वन विभागाला १९२६ वर फोन करा.

परदेशी मांगूर, म्हणजे ज्याला थाई मांगूर म्हणतात तो, पाळायला देशात बंदी आहे आणि तो नदीतल्या स्थानिक माशांचा फडशा पाडतो. तो लागला तर परत पाण्यात सोडू नका.

तुटलेला तंगूस आणि जुने स्क्रू कुठे टाकायचे?

काठावर तर नाहीच. नांदूर मध्यमेश्वरला येणाऱ्या पाणपक्ष्यांचे पाय अशाच फेकलेल्या तंगुसात अडकतात. तंगूस हाताएवढ्या तुकड्यांत कापून डबीत भरा आणि घरच्या कचऱ्यात टाका. गंजलेले गळ आणि स्क्रू औषधाच्या जुन्या बाटलीत साठवून भंगारवाल्याला द्या, सुटे दिलेत तर त्याच्या हाताला लागतील.